कागदावर सहासष्ट

रिओ, १५ नोव्हेंबर १८८५

तिबू,

हे पत्र वाचण्याआधी खाली बस. उभ्याने वाचशील आणि पाणचक्कीत पडशील, मग मला उगाच रडत बसावं लागेल.

तू सहासष्ट वर्षांचा झालास. हसू नकोस आणि चिडूही नकोस, शेवटपर्यंत वाच.

सप्टेंबरात इथे नवा कायदा झाला. साठीच्या पुढच्या गुलामांना सोडायचं. पण साठ ते पासष्टवाल्यांनी आधी तीन वर्षं मालकाकडे फुकट राबायचं. पासष्टी उलटली असेल तर मात्र लगेच मोकळा, मालकाला एक दिवससुद्धा देणं लागत नाही. मालक लोक म्हणे मनातून खूश आहेत, म्हाताऱ्यांना खायला घालण्यातून सुटलो म्हणून. हे सगळं मी माझ्या पातेल्यापाशीच ऐकलं. ज्यांनी मला अक्षरं शिकवली ते छापखान्यातले जुळारी दुपारी माझ्याकडे मक्याच्या पिठाचं अंगू खायला येतात, आणि त्यांची तोंडं अंगू खातानाही बंद नसतात.

आता बहात्तर सालची नोंदणी आठव. आपल्याला सगळ्यांना कॉफीच्या खळ्यावर उन्हात उभं केलं होतं. कारकून लुसिंदो खुर्चीत, शेजारी बाटली. त्याने कुणालाही वय विचारलं नाही. तू छत्तीसचा, खांद्यावर तुळई घेऊन उभा होतास. त्याने त्रेपन्न लिहिले. मी चाळिशीची, मला पंचावन्न. मी म्हटलं, ‘साहेब, एवढी पिकलेली दिसते का मी?’ तर पाठीत काठी बसली. नंतर आपण सगळे केवढे हसलो होतो, पिऊन लिहिलं म्हणून.

त्या बेवड्याच्या चुकीने मला हात दिला. ब्याऐंशीत मी स्वतःला विकत घ्यायला आपल्या नव्या मालकापुढे, मेजरपुढे उभी राहिले तेव्हा कागदावर पासष्टची म्हातारी होते, आणि म्हातारीला भाव किती येणार? तीनशे मिलरेइसमध्ये सुटले. तेवढे साठवायलाही, मालकाचा रोजचा हिस्सा देऊन, नऊ वर्षं रिओत पातेलं ढवळलं, ते सोड. आता तुझी पाळी आहे. छापखान्यात वकील वालेरियो येतात. त्यांची आई गुलाम होती, म्हणून आपल्या लोकांकडून ते पैसे घेत नाहीत. ते म्हणाले, नोंदणीच्या वहीत जे वय तेच वय.

तेव्हा ऐक. दाढी वाढव, काठी धर आणि जरा खोकत जा.

तुझी मालुंगो,
कितेरिया


बोआ सोम्ब्रा मळा, २० डिसेंबर १८८५

ताई,

खेचरवाल्या एलियासने तुझं पत्र खोगिराखालून काढून दिलं. मळ्यावर येणारं प्रत्येक पत्र मुकादम आधी फोडतो, म्हणून ही युक्ती. पोत्यांवर छाप रंगवता रंगवता शिकलेली माझी अक्षरं अजून पोत्यावरच्यासारखीच मोठी येतात, तेव्हा दोन कागदांत मावेल तेवढंच लिहितो.

सहासष्ट म्हणे. परवा मी एकट्याने चक्कीचा आस बदलला. माझे सगळे दात जागेवर आहेत. आणि तू सांगतेस खोक. दामियानाने पत्र ऐकलं आणि तिला हसू आवरेना. ही तुला ठाऊक नाही, तू रिओला गेल्यावर आली. उत्तरेकडून विकत आणलेली, अडतीसची आहे, आणि कॉफी वेचण्यात हिचा हात कुणी धरत नाही. तिने विचारलं, ‘ही कितेरिया तुझी बहीण का?’ म्हटलं, बहीण नाही, मालुंगो. एका जहाजाच्या पोटातून आलो आम्ही. ती म्हणाली, ‘मग बहीणच की.’ आणि वर म्हणते, ‘तू सहासष्टचा असशील तर आधी सांगायचंस, मी दुसरा बघितला असता.’

पण ताई, मेजर सेराफिमलाही कुणीतरी कायदा वाचून दाखवला. थोरला मालक असता तर त्याला वही तोंडपाठ होती, पण तो अठ्ठ्याहत्तरात गेला, लुसिंदो त्याच्या आधीच दारूने गेला. त्याच्या या मुलाने वही उघडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाणचक्की, कॉफी सोलायची मुसळं, गाड्यांची चाकं, सगळं माझ्या हातचं. पूर्वी दुसरा सुतार विकत आणला असता. आता बाजारात माणूसच नाही, आणि आहे त्याचा भाव ऐकून मेजरला घाम फुटतो. त्याने कोर्टात अर्ज केलाय की वहीत चूक झाली, हा पन्नाशीचाच आहे.

शनिवारी मला न्हाव्यापुढे बसवलं. दाढी काढली, डोक्याला एरंडेल आणि काजळी चोळली. म्हातारे विकायला न्यायच्या वेळी करायचे ना, अगदी तेच. दामियाना म्हणाली, ‘आता बरा दिसतोस.’ खरं सांगतो, मलाही बरा वाटलो.

तिबुर्सिओ


रिओ, १८ जानेवारी १८८६

तिबू,

धुऊन टाक ती काजळी. पन्नाशीला आलास तरी आरशात बघायची हौस जात नाही तुझी.

वकिलांकडे जाऊन आले. ते म्हणतात, वहीतलं वय बदलायचं तर ज्याचं वय आहे त्याचा जबाब लागतो. तू स्वतःच्या तोंडाने कबूल केलं नाहीस तर मेजरचा अर्ज चुलीत. तेव्हा न्यायाधीशांपुढे एवढंच म्हणायचं: ‘मला माझं वय ठाऊक नाही, वहीत असेल ते खरं.’ पुढे एक शब्द नाही. मला मेजरची भीती वाटत नाही, तुझ्या बढाईची वाटते. कुणी विचारलं, ‘एवढी तुळई एकट्याने उचलतोस?’ की तू लागलास सांगायला.

तारीख कळव. मी येणार आहे, गाडीभाडं बाजूला काढून ठेवलंय. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, घरमालकिणीला सांगून ठेवलंय. इथे बंदरावर सुतारांना रोज काम असतं, आणि संध्याकाळी मजुरी त्याच माणसाच्या हातात पडते ज्याने काम केलं. तुला हे पाहायला मिळावं असं मला फार वाटतं.

कितेरिया


बोआ सोम्ब्रा, १४ फेब्रुवारी १८८६

ताई,

सुनावणी २० मार्चला आहे. तू येऊ नकोस. भाडं वाया जाईल.

खोलीचं घरमालकिणीला नाही म्हणून सांग. पन्नाशीत नवं गाव, नवी माणसं, कशाला. इथे चक्की आहे, ओढा आहे, सगळं ओळखीचं. एखादं माणूस मोकळं झालेलं डोळ्यांनी पाहिलं की आपणही थोडे मोकळे होतोच, नाही का?

रिओत बाईच्या चांगल्या झग्याला कापड किती लागतं आणि काय भावाने मिळतं, ते मात्र कळव.

तिबुर्सिओ


रिओ, २७ फेब्रुवारी १८८६

तिबुर्सिओ,

तुझं पत्र एका हातात होतं आणि दुसऱ्या हाताने पातेलं उतरवत होते. उकळतं अंगू पायावर सांडलं. घोट्यापर्यंत फोड आलेत, महिनाभर चालता येणार नाही. येऊ नकोस म्हणालास ना, आता नाहीच येऊ शकत. झालं तुझं समाधान?

तू घाबरलास. सरळ सांग ना. मी असे पाहिलेत, दार उघडलं तरी उंबऱ्यात उभे राहणारे. पण तू त्यातला निघशील असं वाटलं नव्हतं. की मेजरने दारू पाजली? नवा सदरा दिला? ज्या माणसाच्या बापाने तुला खांबाला बांधलं होतं, त्याच्यासाठी तू न्यायाधीशांपुढे तरुण व्हायला निघालास. मला तुझी लाज वाटते. हे लिहिताना रडते आहे, पण खोडणार नाही.

आणि ‘एखादं माणूस मोकळं झालेलं’ म्हणजे कोण? माझ्याकडे बघून समाधान मानणार असशील तर मानू नकोस. मी काही तुझ्या वाटणीचं मोकळं राहू शकत नाही.

कापड सात वार लागतं. भाव विचारायला मी चालू शकत नाही.

कितेरिया


बोआ सोम्ब्रा, ८ मार्च १८८६

ताई,

पाय कसा आहे? तेल आणि चुन्याची निवळी लाव.

तू मला घाबरट म्हणालीस ते लागलं, म्हणून सांगतो. सांगणार नव्हतो, कारण तू अडवशील.

जानेवारीअखेर मेजरने मला व्हरांड्यात बोलावलं. बस म्हणाला. ताई, या मळ्यावर मला बस म्हणणारा तो पहिलाच गोरा. म्हणाला, ‘तिबुर्सिओ, तू पन्नासचा आहेस हे तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. न्यायाधीशांना खरं तेच सांग. मी दामियानाला सोडतो.’ अडतीसची बाई, हात चांगला, सरकारने वयावरून किमती ठरवल्यात, त्या तक्त्यावर तिची किंमत एवढी आहे की मी जन्मात जमवू शकणार नाही. मी म्हटलं, आधी तिचा कागद. त्याने तोंड वाकडं केलं, पण मला तेवढी अक्कल आहे, जबाब दिल्यावर मेजर मला ओळख दाखवणार नाही. शेवटी गेल्या बुधवारी गावात जाऊन दस्त नोंदवला. मी स्वतः वाचला. दामियाना मोकळी आहे, ताई. आता तिला कुणी विकू शकत नाही.

तिला मी खरं सांगितलेलं नाही. तिला वाटतं मेजरच्या बायकोने नवस केला होता. तिला कळलं तर ती कागद फाडेल, असा तिचा स्वभाव आहे.

तेव्हा वीस तारखेला मी पन्नास सांगणार, आणि चक्कीपाशीच राहणार. ती जाईल, तू तिला ती खोली दे. एकाच्या बदल्यात एक. मला तर यात तोटा दिसत नाही. फक्त अधूनमधून दुपारच्या वेळी हातातलं काम थांबतं, पण तेही जाईल.

मला शिव्या देऊन झाल्या असतील तर उत्तर लिही.

तिबू


रिओ, १३ मार्च १८८६

तिबू, वेड्या,

जे लिहिलं ते सगळं परत घेते. आता नीट वाच, दोनदा वाच, आणि दामियानालाही वाचून दाखव.

तुझं पत्र घेऊन मी एका पायावर वकिलांच्या दारात गेले. त्यांनी वाचलं, आणि हसायला लागले. मला इतका राग आला की काठीच उगारणार होते. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, ‘हा माणूस पन्नासचा, आणि जन्म समुद्रापलीकडचा. मग तो इथे आला कधी?’ मी म्हटलं, लहान होता, सातेक वर्षांचा. म्हणाले, ‘म्हणजे त्रेचाळीसच्या आसपास. आणि बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली एकतीस साली. त्यानंतर जो कुणी जहाजातून उतरला तो कायद्याने गुलाम नव्हताच.’

पन्नास वर्षं हा कायदा पेटीत पडून आहे. मालकांनी तो विसरायचा ठरवला होता. आणि म्हणून, तिबू, लुसिंदो प्यायलेला नव्हता. वही लिहिताना त्याने मुद्दाम आपल्याला म्हातारं केलं, म्हणजे एकतीसच्या आधी आलो असं दिसावं. थोरल्या मालकाला सगळं ठाऊक होतं. मेजरला कुणी सांगितलंच नाही. बापाने जे पुरलं, ते हा मुलगा स्वतः खणून न्यायाधीशांपुढे मांडायला निघालाय.

तेव्हा सांग. छाती काढून सांग, पन्नास. सहासष्टचा म्हणून सुटशील, पन्नासचा म्हणूनही सुटशील. फक्त कधी आलो ते सांगायला विसरू नकोस, न्यायाधीशांना पटेल अशा खुणेसकट सांग. नुसतं वय सांगून गप्प बसलास तर वही बदलेल आणि तू अडकशील. म्हणून हे पत्र वीसच्या आत तुला मिळालंच पाहिजे. एलियासच्या हातावर दुप्पट पैसे ठेवले आहेत.

कितेरिया


बोआ सोम्ब्रा, २२ मार्च १८८६

ताई,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. एलियासचं खेचर लंगडं झालं, तो चार दिवस वाटेत अडकला. सुनावणी परवाच झाली.

मी मोकळा आहे. आधी तुझा जीव भांड्यात पडू दे, मग पुढचं वाच.

मेजर नवा कोट घालून आला होता. दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला, जसा काही मी त्याचा आतेभाऊ. न्यायाधीश म्हातारा माणूस, सर्दी झालेली, सारखा नाक पुसत होता. मी सांगितलं, पन्नास. त्याने वहीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘इथे जो येतो तो म्हातारा व्हायला येतो. तू एकटाच तरुण व्हायला का निघालास?’ याला पटलं नाही तर मेजर दामियानाचा दस्त रद्द करायला धावेल, एवढंच माझ्या डोक्यात. म्हणून मी पुरावे द्यायला लागलो. तू ज्या बढाईला भीत होतीस ना, तीच.

म्हटलं, ‘साहेब, जहाजात माझे पुढचे दोन दात पडले. मालुंगो कितेरियाने माझ्याच सदऱ्याच्या चिंधीत बांधून ठेवले होते. आणि आम्ही वाळूवर उतरलो तेव्हा आकाशात झाडूसारखा तारा होता, अर्ध्या आभाळाएवढा. आम्हाला वाटलं हा देशच असा असेल, इथले तारे असेच असतील.’

न्यायाधीशाने रुमाल खाली ठेवला. म्हणाला, ‘तो तारा मी पाहिलाय. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर घेऊन दाखवला होता. मार्च महिना, त्रेचाळीस साल.’ मी म्हटलं, ‘मला खांद्यावर कुणी घेतलं नव्हतं, पण हात धरला होता.’ त्याने बोटांवर मोजलं. सात तेव्हा, म्हणजे आता पन्नास. मेजर खुर्चीतून अर्धा उठला, ‘बघा, मी सांगत होतो ना.’

न्यायाधीशाने लेखणीही खाली ठेवली. ‘मेजर, तुम्ही आत्ता काय सिद्ध केलंत ते तुम्हाला कळतंय का?’ मेजरला कळलं नाही. मलाही नाही. मग त्याने तुझ्या वकिलांनी सांगितलं तेच सांगितलं, एकतीसची बंदी. आणि म्हणाला, ‘तुमच्या वडिलांना हे कळत होतं. म्हणून त्यांनी याची सतरा वर्षं वाढवली.’ मेजर इतका पांढरा पडला की मुन्शीने पाणी आणलं. दामियानाच्या दस्ताचं काहीतरी पुटपुटला, पण दस्त पक्का आहे. तिला मी घरी येऊन सगळं सांगितलं. आधी तिने मला बुक्की मारली, मग माझ्या गळ्यात पडली.

पण ताई, कोर्टाच्या पायऱ्यांवर मला आनंद झाला नाही. मी बसलो आणि ढसाढसा रडलो. न्यायाधीशाने कागदावर लिहिलंय की मी वाळूवर पाय ठेवला त्या दिवसापासून मोकळा होतो. म्हणजे खांबाला बांधलं तेव्हा मोकळा होतो. चक्कीत बोट गेलं तेव्हाही. त्रेचाळीस वर्षं.

आणि मग लक्षात आलं की माझा हात धरून कोण उतरलं होतं. तुझं पत्र वाचलं तर तुला हे तेरा तारखेलाच कळलेलं होतं, आणि स्वतःबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस.

तिबू


रिओ, २ एप्रिल १८८६

तिबू,

पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने ओरडले की घरमालकीण धावत आली, तिला वाटलं दुसराही पाय भाजला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, आणि दुपारभर झोपले.

हो, मला कळलं होतं. वकील म्हणाले, ‘कितेरिया, याच हिशेबाने तूसुद्धा...’ मी म्हटलं, आधी तिबूचं बघा. तुला काय लिहिणार होते? वीस तारीख तोंडावर, आणि माझ्या रागाने तुझं डोकं आणखी फिरलं असतं. घरी येऊन सगळी पातेली घासली, स्वच्छ होती तरी घासली. नऊ वर्षं, तिबू. पावसात, तापात, दात दुखत असताना. जे माझंच होतं ते त्यांच्याकडून विकत घेण्यासाठी. आणि मेजरने पैसे मोजून घेतले होते आणि दोन नोटा फाटक्या म्हणून परत दिल्या होत्या.

असो. जळो ते पैसे. तू आणि दामियाना निघा आता, खोली अजून रिकामी आहे.

कितेरिया


बोआ सोम्ब्रा, ९ जून १८८६

ताई,

येतो येतो म्हणत दोन महिने गेले, त्याचं कारण सांगतो.

ताऱ्याची गोष्ट मळाभर झाली. संध्याकाळी एकेक जण माझ्या दारात येऊ लागला. ‘तिबुर्सिओ, तो झाडू मीही पाहिला होता.’ कुणी आपल्या जहाजातले, कुणी नंतरच्या, ज्यांनी तो जहाजात चढण्याआधी आपल्या गावी पाहिला होता. त्यांना घेऊन मी गावात सात फेऱ्या मारल्या. न्यायाधीश आता मला बघितलं की आधी नाकच पुसतो. मेअखेर अकरा माणसं सुटली, सगळी कसबी, सगळी मेजरच्या विश्वासातली. आणि कॉफी झाडावर लाल होऊन उभी.

मेजर खळ्यावर आला. आम्ही बसलो होतो, कुणी उठलं नाही. आठ दिवसांत वेचली नाही तर फळ गळतं, आणि उरलेल्या हातांनी ते होणार नाही, हे त्यालाही ठाऊक आणि आम्हालाही. शेजारच्या मळेवाल्यांकडे माणसं मागून पाहिली, त्यांचीच पळालेली. थोडा वेळ तो टोपी फिरवत राहिला, मग म्हणाला, ‘काय घ्याल?’

ताई, माझी किंमत तीनदा केली गेली आहे, किनाऱ्यावर, थोरल्या मालकाच्या मृत्युपत्रात आणि त्या सरकारी तक्त्यावर. मला कुणी कधी विचारलं नव्हतं. अकराही जण माझ्याकडे बघायला लागले. रोजची मजुरी आम्ही आधीच ठरवली होती, ती सांगितली. रविवार सुट्टी, जेवण वेगळं, तेही सांगितलं. मेजर हो म्हणाला. मग मी म्हटलं, ‘अजून एक आहे. आमची एक मालुंगो आहे रिओला. तिचे तीनशे मिलरेइस तुमच्याकडे चुकून आले आहेत.’

तो म्हणाला, ‘त्याचा या कॉफीशी काय संबंध?’ दामियाना मागून म्हणाली, ‘संबंध नसेल तर कॉफी तुम्हीच वेचा.’ तिच्या बोलण्यावर सगळे हसले, पण उठलं कुणी नाही. दोन दिवस कुणी उठलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेटी उघडली.

पैसे एलियासबरोबर पाठवतो आहे. नोटा मी एकेक तपासून घेतल्या आहेत, एकही फाटकी नाही. हंगाम संपला की आम्ही दोघं येतो. राहायला की नुसतं भेटायला, ते ठरवलेलं नाही. ठरवू सावकाश.

तिबू


रिओ, २३ जून १८८६

तिबू,

एलियासने पिशवी माझ्या फळीवर ठेवली. माणसं रांगेत उभी, अंगू करपायला लागलं, आणि मी पिशवीवर दोन्ही हात ठेवून उभी. शेवटी जुळाऱ्यांनी स्वतःच वाढून घेतलं.

मेजरने पावती मागितली आहे, म्हणून वकिलांकडे गेले. मी नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे सवयीने लिहिलं, ‘मुक्त केलेली’. ब्याऐंशीपासून प्रत्येक कागदावर मला ते लिहावंच लागतं, भाड्याच्या पावतीवरसुद्धा. वकिलांनी त्या शब्दांवर बोट ठेवलं. म्हणाले, ‘हे खोड. तुला कुणी मुक्त केलेलं नाही. त्यांना तो हक्कच नव्हता.’

मी खोडलं. रेघ वाकडी आली. वकील म्हणाले, नवा कागद देतो. मी म्हटलं, नको, हाच जाऊ दे मेजरकडे, त्यालाही दिसू दे काय खोडलंय ते.

कितेरिया